बँडच्या मॅनेजरनं कडक कुठं व्हायचं?

पत्र: मी २४ वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. चार मित्रांचा रॉक बँड आहे, तीन वर्षं त्यांच्या सुपाऱ्या, गाडी, पैसे सगळं मीच बघतो. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट माझा आदर्श. त्याच्यासारखा दरारा हवा असं वाटतं. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर) नीट ऐकू येत नव्हते म्हणून मी साउंडवाल्याला स्टेजवरच शिव्या दिल्या. त्यानं मेन स्विच पाडला. चाळीस मिनिटं अंधार. ४५,००० ठरले होते, आयोजकांनी २०,००० हातावर टेकवले. आता गिटारवाला म्हणतो, तुझ्यामुळं लोक आम्हाला बोलवायचे बंद होतील. मी बँडकडून पाच वर्षांचा करार लिहून घ्यावा म्हणतोय: ३० टक्के माझे, गाणी आणि बँडचं नाव माझ्या नावावर, सोडून गेले तर दोन वर्षं दुसरीकडं वाजवायचं नाही. ड्रमर १७ चा आहे, त्याच्या वडलांची सही घेईन. निर्दय झाल्याशिवाय हा धंदा होतो का? आणि पुण्याला जाऊ का?
– दरारा हवा असलेला एक मॅनेजर

उत्तर:

आधी तुमच्या अडकलेल्या २५,००० रुपयांचं बघू. पीटर ग्रँट तेवढा वेळ थांबेल.

व्यवहार तोंडी झाला तरी तो करारच असतो, अडचण येते ती सिद्ध करताना. ४५,००० चा आकडा व्हॉट्सॲपवर कुठं ना कुठं आला असणार. तो संवाद पुसू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, आणि एवढ्यात फोन बदलू नका. असे संदेश कोर्टात पुरावा म्हणून चालतात, पण सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. मग आयोजकांच्या नावानं एक पानी पत्र लिहा: तारीख, जागा, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी, पंधरा दिवसांची मुदत. विशेषणं एकही नको. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. दाद दिली नाही तर वकिलाची नोटीस. पैसे देणं लागल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो.

मात्र आयोजक काय म्हणतील तेही ऐकून ठेवा. चाळीस मिनिटं अंधार तुमच्या मॅनेजरच्या तोंडामुळं झाला, असं ते म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. पूर्ण रकमेवर अडून बसलात तर वकिलाची फी आणि फेऱ्या यांतच ती संपेल. आणखी दहा-पंधरा हजारांवर मिटत असेल तर मिटवा. बोलायला तुम्ही जाऊ नका, गिटारवाल्याला पाठवा. आणि ‘बघून घेईन’ छापाचा एकही मेसेज टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ कलमाखाली धमकी देण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो मेसेज तुमच्याविरुद्धचा आयता पुरावा ठरेल.

पुढच्या सुपारीसाठी मात्र आत्ताच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती ऑनलाइन आणि फुकट होते, आधार आणि पॅन पुरतो, मध्ये एजंट लागत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज चढतं. नोंदणीआधीच्या कामाला याचा उपयोग नाही, त्यामुळं हे २५,००० त्यात बसणार नाहीत. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की पुष्कळ आयोजकांचे हिशेबनीस आपोआप जागे होतात.

आता ग्रँट.

सहा फुटांहून उंच, अंगानं आडदांड, तरुणपणी लंडनच्या कॉफी बारमध्ये दारावर उभा राहिलेला, कुस्तीच्या फडात उतरलेला माणूस. डॉन आर्डेन या त्या काळच्या कुप्रसिद्ध मॅनेजरच्या हाताखाली त्यानं चक बेरी, लिटल रिचर्ड, जीन व्हिन्सेंट यांचे इंग्लंडमधले दौरे सांभाळले. चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांची यंत्रं त्यानं फोडली, हे खरं आहे. १९७१ मध्ये व्हँकूव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या माणसाला चोर समजून त्याचंही यंत्र फोडलं, हेही खरं. वाचणाऱ्याच्या डोक्यात हेच राहतं. तुमच्याही राहिलंय.

पण त्याचा दरारा आला कुठून? १९६८ च्या शरद ऋतूत बँडनं पहिला अल्बम कुठल्याही कंपनीशी करार व्हायच्या आधी, स्वतःच्या खर्चानं, लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत सुमारे ३६ तासांच्या कामात उरकला. खर्च १,८०० पौंडांच्या आत. तयार टेप घेऊन ग्रँट न्यूयॉर्कला गेला आणि अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीकडून एक लाख डॉलरहून जास्त ॲडव्हान्स घेऊन आला. नव्या बँडसाठी तो त्या वेळी फार मोठा आकडा होता. माल तयार, त्यामुळं कंपनीचं देणं काही नाही, त्यामुळं अटी आपल्या. वेष्टन कसं असेल, गाणी कोणती जातील यात कंपनीनं बोलायचं नाही, हे त्यानं कागदावर आणलं. पुढं अमेरिकेतल्या दौऱ्यांत प्रवर्तकांना, म्हणजे कार्यक्रम भरवणाऱ्यांना, सांगितलं की तिकिटविक्रीतले ९० टक्के बँडचे, तुमचे १०. तोवर निम्मंनिम्मं किंवा ६०-४० चालायचं. प्रवर्तक तयार झाले, कारण जागा हमखास भरणार होती आणि भरलेल्या स्टेडियमचे १० टक्के म्हणजे अर्ध्या रिकाम्या हॉलच्या ५० टक्क्यांहून जास्त. यात आरडाओरडा कुठं आहे? हिशोब आहे.

आणि ही सगळी धार बाहेरच्यांसाठी होती. स्वतःच्या चार पोरांशी त्याचा बराच काळ लेखी करारसुद्धा नव्हता, शब्दावर चालायचं. तुम्ही उलटं करताय: बाहेर तोंडी व्यवहार आणि आरडाओरडा, घरात पाच वर्षांचा फास.

दांडगाईचं पुढं काय झालं तेही वाचा. २३ जुलै १९७७ ला ओकलंडमध्ये, ग्रँटच्या लहान मुलाशी ड्रेसिंग रूमच्या दारावरच्या पाटीवरून बोलाचाली झाली म्हणून, प्रवर्तक बिल ग्रॅहमच्या माणसाला ग्रँट आणि त्याच्या साथीदारांनी बेदम मारलं. अटक झाली, दंड आणि स्थगित कैद झाली. ग्रॅहमनं जाहीर केलं की या बँडला पुन्हा बोलावणार नाही. तिनेक दिवसांत गायक रॉबर्ट प्लांटचा लहान मुलगा वारला आणि दौरा थांबला. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि बँडच संपला. अमेरिकेतला त्यांचा शेवटचा कार्यक्रम ओकलंडचाच राहिला. ग्रँट त्यानंतर मधुमेह आणि कोकेन यांत बरीच वर्षं घरात कोंडून राहिला. १९९५ मध्ये गेला.

तुमच्या कराराचा नमुना मात्र ग्रँटचा नाहीच. तो आर्डेन आणि एल्व्हिस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल पार्कर यांचा आहे. आर्डेननं स्मॉल फेसेस या बँडच्या पोरांना आठवड्याला २० पौंड पगार आणि कपड्यांच्या दुकानात उधारीची सोय दिली. गाणी चालली, पोरांच्या हाती काही आलं नाही. आपल्याकडच्या तमाशाच्या फडात हंगामाआधी दिलेल्या उचलीचं जे होतं, तेच: फिटत नाही तोवर कलावंत मालकाचा. पार्करनं १९७३ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या जुन्या रेकॉर्डिंगवरचे हक्क कंपनीला ५४ लाख डॉलरला विकून टाकले आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा स्वतः घेतला. एल्व्हिस गेल्यावर कोर्टानं नेमलेल्या वकिलानं तपासलं तेव्हा पार्करचे ५० टक्के अवाजवी ठरले. एल्व्हिसनं अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ मध्ये. पार्कर मूळचा नेदरलँड्सचा, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरलेला, त्याला सीमा ओलांडायची धास्ती होती असं म्हणतात. मॅनेजरच्या अडचणीपायी कलावंताचं जग केवढं झालं बघा.

नुसतं सज्जन असूनही भागत नाही. बीटल्सचा ब्रायन एपस्टीन सभ्य, पोरांवर जीव असलेला. पण बीटल्सच्या नावाच्या वस्तू विकायचा परवाना देताना ९० टक्के समोरच्याला आणि १० टक्के आपल्याला असा सौदा झाला. टोपांपासून बाहुल्यांपर्यंत कोट्यवधींचा माल खपला तो दुसऱ्यांच्या खिशात. त्याला त्या धंद्याचे आकडे माहीत नव्हते, एवढंच कारण.

म्हणून तुमच्या कराराचे आकडे मांडून बघू. समजा पुण्यात ६०,००० ची सुपारी लागली. गाडी १४,०००, राहणं-जेवण ६,०००, स्वतःचा साउंड इंजिनिअर ५,०००. खर्च २५,०००, उरले ३५,०००. तुम्ही एकूण रकमेवर ३० टक्के घेतलेत तर तुमचे १८,००० आणि चौघांत १७,०००, म्हणजे प्रत्येकी ४,२५०. रात्रभर प्रवास करून ड्रम वाहणाऱ्या पोराच्या चौपटीहून जास्त तुम्हाला. सहा महिन्यांत बँड फुटेल, त्याला तुमच्या तोंडाची गरज पडणार नाही. तेच खर्च वजा जाता २० टक्के घेतलेत तर तुमचे ७,००० आणि चौघांचेही प्रत्येकी ७,०००. तुमच्या टप्प्यावर हेच योग्य आहे. खर्च वजा करून १५ ते २० टक्के, आणि ‘खर्च’ या शब्दात काय काय धरायचं ते करारात नावानिशी. तुमचं पेट्रोल त्यात येतं, तुमचा चहा येत नाही.

पैसे कुणाच्या खात्यात येतात, हेही बघा. कॉलेज किंवा कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) वजा करून देते, म्हणजे ६०,००० मधले ६,००० सरकारजमा. ते ज्याच्या पॅनवर जातात, सगळी रक्कम त्याचं उत्पन्न दिसते. तीन वर्षं सगळं तुमच्या पॅनवर आलं असेल तर कागदावर तुम्ही बँडचे सगळे पैसे खाल्लेत. परतावा आला तरी तुम्हालाच येणार. भागीदारीचा साधा दस्त (ड्रमर अठराचा होईपर्यंत बाकी तिघांचा) करून बँडचं वेगळं पॅन आणि चालू खातं काढा, सहीचा अधिकार दोघांच्या जोडीला द्या. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

आता कलमं. ‘सोडून गेले तर दोन वर्षं वाजवायचं नाही’ हे सरळ खोडा. करार कायदा १८७२ च्या २७ व्या कलमानुसार कुणाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल असतो. क्रिकेटपटू झहीर खानच्या मॅनेजमेंट कंपनीनं करार संपल्यावरही आपलाच पहिला हक्क असल्याचं कलम पुढं केलं होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. करार चालू असताना ‘दुसरा मॅनेजर नाही’ म्हणता येतं, संपल्यावर नाही. त्याऐवजी लिहा की तुम्ही ठरवलेल्या सुपाऱ्या करार संपल्यानंतर वाजल्या तरी त्यांवर तुमचा ठरलेला टक्का, सहा महिन्यांपर्यंत. ते न्याय्यही आहे आणि टिकतंही.

गाण्यांचा हक्क मागूच नका. कॉपीराइटचा कायदा २०१२ मध्ये बदलला. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा आता सोडून देता येत नाही, लिहून दिला तरी ते कलम टिकत नाही. शिवाय हक्क लिहून घेताना मुदत नाही टाकली तर तो पाच वर्षांपुरता आणि प्रदेश नाही टाकला तर भारतापुरता धरतात. रोलिंग स्टोन्सचं १९७१ पर्यंतचं रेकॉर्डिंग आजही त्यांच्या जुन्या मॅनेजरच्या, ॲलन क्लाइनच्या, कंपनीकडं आहे. त्या गोष्टी वाचून तोंडाला पाणी सुटतं खरं, पण त्या कायद्याचा देश वेगळा आणि काळही वेगळा. तुम्ही करायचं ते एवढंच: प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणाचे किती टक्के हे एका पानावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. गाणं तयार झाल्याच्या आठवड्यातच घ्या. गाणं चाललं की प्रत्येकाला चाल आपलीच आठवते. मग ज्यांची नावं लागतील त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हायचं, ते त्यांचं त्यांनी.

बँडचं नाव ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात, म्हणजे करमणुकीच्या सेवांत, नोंदवता येतं. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ४,५०० रुपये. अर्जदार बँडची भागीदारी, तुम्ही नाही.

ड्रमरचं प्रकरण तुम्हाला वाटतं त्याहून कच्चं आहे. अठराच्या आतल्याशी केलेला करार मुळातच शून्य असतो. आणि ‘वडलांची सही घेईन’ म्हणता, तर मुंबई उच्च न्यायालयाचा १९४९ चा निकाल याच प्रकारचा आहे. वडलांनी अल्पवयीन मुलीच्या वतीनं सिनेमात काम करायचा करार अभिनेता-निर्माता प्रेम अदीबशी केला होता. न्यायालयानं सांगितलं, मुलाच्या वैयक्तिक सेवेचा असा करार पालकाच्या सहीनंही बंधनकारक होत नाही. तेव्हा तो अठरा पूर्ण करेपर्यंत त्याला करारात ओढू नका. त्याचा वाटा त्याच्या बँक खात्यात टाका, प्रत्येक दौऱ्याआधी वडलांना तारीख, गाव, मुक्काम आणि परतीची वेळ लिहून पाठवा आणि होकार लिहून घ्या. बारावीची परीक्षा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपारीच घेऊ नका, किंवा त्या दोन महिन्यांसाठी दुसरा ड्रमर आधीच बसवून ठेवा.

करार पाच वर्षांचा नको. एक वर्षाचा, साठ दिवसांच्या नोटिशीनं कुणालाही सोडता येईल असा. महाराष्ट्रात अशा करारनाम्याला आता ५०० च्या खालचा स्टँप पेपर चालत नाही. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत जमाखर्चाचं एक पान ग्रुपवर टाकायचं, पावत्यांच्या फोटोंसकट, हे कलम तुम्ही स्वतःहून घाला. गिटारवाल्याचा अर्धा राग तिथंच उतरेल.

आता बाहेरचा कागद, जिथं तुमचा कडकपणा खर्च व्हायला हवा. सुपारी पक्की म्हणजे निम्मे पैसे खात्यात. तोवर तारीख फक्त पेन्सिलनं. उरलेले निम्मे साउंड चेक संपल्यावर, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत. चक बेरी स्टेजवर पाय ठेवायच्या आधी रोख पैसे घ्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. नियम आधी सांगितला की अपमान होत नाही. कार्यक्रम आयोजकांमुळं रद्द झाला तर किती दिवस आधी किती टक्के, पावसानं रद्द झाला तर किती, हे आकड्यांत. पोलीस परवानगी आणि दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा परवाना आयोजकांनी काढायचा, हेही एका ओळीत. कार्यक्रमाची लांबी मिनिटांत लिहा, आणि वीज किंवा साउंडमुळं खंड पडला तर तो वेळ बँडच्या वेळेत धरला जाईल असं लिहा. हे एक वाक्य तुमच्याकडं असतं तर त्या चाळीस मिनिटांचं भांडण तुमच्या बाजूनं झुकलं असतं (शिव्या सोडून).

मुक्त मैदानात असाल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, तिथं तारेवरची कसरत नको. सणांसाठी बारापर्यंतची सवलत शासन वर्षातल्या मोजक्याच दिवसांना देतं आणि तुमचा कार्यक्रम त्यात नसतो. बंदिस्त सभागृहाला दहाची मर्यादा तशी लागू नाही, म्हणून हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहात थोडी उसंत असते, पण तिथं सभागृहाची स्वतःची वेळ असते आणि ती ओलांडली की जादा भाडं. मैदानात नव्वद मिनिटांचा कार्यक्रम असेल तर आठला पहिला ठोका पडलाच पाहिजे, म्हणजे भाषणं आणि सत्कार पावणेआठला संपले पाहिजेत. सोलापुरात सत्कार वेळेवर संपत नाहीत. करारात सत्कारांसाठी ठरावीक मिनिटं लिहा आणि निवेदकाला स्वतः भेटून सांगा. संक्रांतीच्या आसपास गड्डा यात्रेमुळं पोलीस बंदोबस्त होम मैदानाकडं असतो, त्या दिवसांत परवानगीचा अर्ज नेहमीपेक्षा आधी टाका. एप्रिल-मेमधला दुपारचा साउंड चेक पत्र्याच्या मंडपात ठेवलात तर गिटार ट्यूनमध्ये राहणार नाहीत आणि पोरंही.

आणि तो साउंडवाला. मॉनिटर ऐकू येत नव्हते याचं कारण बहुधा त्याचा आडमुठेपणा नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक साउंडवाल्यांचं काम लग्नं, भाषणं, ऑर्केस्ट्रा. त्याच्याकडं दोन मॉनिटर आणि एकच मॉनिटर लाइन असेल आणि तुम्ही त्याला आधी कळवलं नसेल की चौघांना चार वेगळे मिक्स (ज्याला जे आवाज जास्त हवेत त्यांचं मिश्रण) हवेत, तर तो त्या रात्री काहीही करू शकत नव्हता. कार्यक्रमाच्या सात दिवस आधी त्याला थेट (आयोजकांमार्फत नव्हे, तिथं कागद हरवतो) एक पान पाठवा. त्यावर स्टेजचा नकाशा, कोण कुठं उभा राहतो, आणि चॅनलची यादी. तुमच्यासारख्या बँडला १६ चॅनल पुरतात: किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन टॉम, फ्लोअर टॉम, दोन ओव्हरहेड हे आठ ड्रमचे. नववा बेस, डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून). दहा-अकरा गिटार. बारा-तेरा कीबोर्ड किंवा लॅपटॉप. उरलेले तीन गाणाऱ्यांचे. खाली लिहा: मॉनिटर चार, मिक्स चार, ड्रमरच्या मॉनिटरमध्ये बेस आणि किक जास्त. ‘नाही’ म्हणाला तर सात दिवस हातात आहेत, भाड्यानं आणता येतं. त्याच्याकडं सहाच माइक असले तर ड्रमला किक, स्नेअर आणि एक ओव्हरहेड एवढ्यावर भागवा. छोट्या सभागृहात ते पुरतंही. साउंड चेकला दोन तास मागा, म्हणजे सव्वा तास मिळेल.

दोन तासांतली पहिली दहा मिनिटं विजेची. सहाशे-सातशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि ज्या बोर्डावरून ॲम्प चालणार तिथं मोजा. फेज ते न्यूट्रल साधारण २३०. फेज ते अर्थिंगही तितकंच. न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगचा आकडा फार कमी किंवा डळमळता आला, तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. अशा वेळी गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, कारण ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो. सगळं एकाच वितरण पेटीवरून, एकाच चांगल्या अर्थिंगवर घ्या, लाइट वेगळ्या फेजवर टाका. लाइट कमी-जास्त करणारे डिमर आणि ॲम्प एका फेजवर आले की गुरगुर येते. ती घालवायला कुणी तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढायला लागला तर तिथं मात्र हात धरून थांबवा. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. या एका मुद्द्यावर ‘दुरुस्त होईपर्यंत वाजणार नाही’ म्हणून अडून बसा. आयोजक कितीही तापू देत.

कार्यक्रम सुरू झाल्यावर साउंडवाल्याशी फक्त एकानं, स्टेजवरून नव्हे, मिक्सरच्या बाजूला उभं राहून बोलायचं. खुणा आधी ठरवा: बोट वर म्हणजे माझा आवाज वाढव, खाली म्हणजे कमी कर. त्याला मधल्या सुटीत चहा न्या. हे लाडीगोडी म्हणून नको. चार तास उभा असलेल्या माणसाचे कान थकतात आणि तो वरचे सूर नकळत वाढवत नेतो. पाच मिनिटं बसला की मिक्स सुधारतो.

त्याला फोन करा. माफी दोन वाक्यांत, कारणं न देता, आणि पुढच्या सुपारीचं चॅनलचं पान त्यालाच पाठवा. सोलापुरात साउंडवाले, मंडपवाले, जनरेटरवाले एकमेकांना ओळखतात आणि आयोजक सहसा त्यांनाच विचारतात, ‘हा बँड कसा आहे?’ गिटारवाल्याची भीती तिथून येते आणि ती बरोबर आहे.

पुण्याला एवढ्यात जाऊ नका. पुण्यातलं खोलीभाडं भरायलाच तुमचा बराचसा टक्का जाईल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलात तर दुपारी दोन ठिकाणच्या लोकांना भेटून त्याच संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं. महिन्यातून एक दिवस तेवढ्यासाठी ठेवा, सोबत तीन गाण्यांचं स्वच्छ रेकॉर्डिंग न्या, व्हिडिओ एका सलग कॅमेऱ्यातला, न कापलेला. इकडं सोलापूर, लातूर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर एवढ्या टापूतली अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं मोजा, त्यांच्या स्नेहसंमेलनांचे महिने वहीत मांडा आणि प्रत्येकाला तीन महिने आधी पत्र टाका. तिकडं रॉक बँड सहसा पुण्याहून किंवा हैदराबादहून येतो आणि त्याचा गाडीखर्च तुमच्यापेक्षा जास्त असतो. त्यांच्याहून दहा हजारांनी स्वस्त पडलात तरी तुमच्या पोरांच्या हाती जास्त उरतं.